गुलाम कासिमची पाचवी चाल

गेल्या महिनाभरात दोन माणसांनी मला जवळजवळ एकच सल्ला दिला. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, आणि एका खोलीत बसवले तर दहा मिनिटंही त्यांचं पटायचं नाही. पहिले आमच्या नोडमधले बुद्धिबळाचे प्रशिक्षक. ते म्हणाले, "मॅडम, मुलींना गॅम्बिट शिकवू नका. हरतील, रडतील आणि खेळ सोडतील. लंडन सिस्टिम शिकवा, सेफ आहे." दुसरे आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग. ते म्हणाले, "बेटा, मुलींना शतरंज शिकवूच नका. वय नाजूक आहे, उगाच कशाला? सिलाई शिकवा, मेहंदी शिकवा, सेफ आहे."

तोच शब्द. सेफ. मला दोघांशीही भांडायचं आहे, आणि इथे भांडणं सोयीचं, कारण इथे मध्येच चहा येत नाही आणि विषय बदलत नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. डावाच्या सुरुवातीलाच आपलं एखादं प्यादं, कधी मोहराही, जाणूनबुजून समोरच्याला द्यायचा आणि त्या बदल्यात वेळ घ्यायचा, याला गॅम्बिट म्हणतात. शब्द इटालियन कुस्तीतला आहे, पाय अडकवून पाडण्याचा. आपल्याकडच्या तालमीत टांग मारतात त्यातलाच प्रकार. स्पेनच्या रुय लोपेझ नावाच्या पाद्र्याने १५६१ साली बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं, त्यात हा शब्द खेळात आला. सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात आक्रमक गॅम्बिटपैकी एक म्हणजे किंग्ज गॅम्बिट. पांढरा राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो, काळाही तेच करतो, आणि दुसऱ्याच चालीत पांढरा आपल्या राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकलतो. घ्या. फुकट. काळ्याने ते खाल्लं की पांढऱ्याचा राजा थोडा उघडा पडतो, पण मधली घरं मोकळी होतात, उंट-घोडे भराभर बाहेर येतात.

मी मराठीच्या तासाला याला 'प्याद्याचा बळी' म्हणते आणि उर्दूच्या तासाला 'पियादे की कुर्बानी'. दोन्ही शब्द मला पूर्ण पटत नाहीत. का, ते पुढे सांगते.

आता या किंग्ज गॅम्बिटच्या एका फांदीला आजही जगभरच्या पुस्तकांत आणि संगणकांत एक नाव आहे: गुलाम कासिम गॅम्बिट. हो, गुलाम कासिम. मद्रासचा माणूस. १८२८-२९ मध्ये मद्रास विरुद्ध हैदराबाद असा पत्राने खेळला जाणारा बुद्धिबळाचा सामना झाला. एक चाल लिहायची, पाठवायची, उत्तराची वाट बघायची. मद्रासच्या बाजूने खेळणाऱ्यांत गुलाम कासिम होता. १८२९ साली त्याने जेम्स कॉक्रेन या कंपनीच्या अधिकाऱ्यासोबत एक पुस्तक छापलं, त्यात या सामन्याचे डाव आहेत आणि मुझिओ गॅम्बिटची चिकित्सा आहे. ही चिकित्सा ऐकीव नव्हती. अमुक चाल केली तर तमुक उत्तर, त्यावर पुन्हा हे उत्तर, असं मांडलेलं काम होतं ते.

त्याच्या नावाची ओळ पाचव्या चालीत सुरू होते. प्यादं दिलेलं आहे. पांढऱ्याने घोडा आणि उंट बाहेर काढलेत. काळा मिळालेलं प्यादं सांभाळत सांभाळत आपलं घोड्यासमोरचं प्यादं पुढे नेतो आणि चौथ्या चालीला त्याच प्याद्याने पांढऱ्याच्या घोड्यावर चालून येतो. आता घोडा हलवायचा. कुणीही हलवेल. गुलाम कासिम हलवत नाही. तो घोडा तिथेच ठेवतो आणि वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो. काळा घोडा खातो, पांढरा वजिराने ते प्यादं घेतो, आणि आता पांढऱ्याचा वजीर आणि उंट दोघे मिळून एफ७ या घरावर रोखलेले असतात, ज्याची राखण एकटा काळा राजा करतो. एक अख्खा घोडा गेला. पण काळ्याच्या घरात अजून कुणी जागंही झालेलं नाही.

माझ्या सातवीच्या वर्गात हे पटावर मांडलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, "टीचर, तो घोडा विसरला का?" आणि दुसरी, नाव कळल्यावर, "आपल्यातला होता?"

हा दुसरा प्रश्न मला आवडलाही आणि टोचलाही. आमच्या शाळांच्या भिंतींवर तसबिरी असतात. सर सय्यद असतात, मौलाना आझाद असतात, कलाम साहेब असतात, अलीकडे फातिमा शेख आल्या. सगळे हवेतच. पण सगळ्यांचा आपण एकच धडा करून टाकला आहे: कष्ट करा, सहन करा, मोठे व्हा. बसून विचार करणारा, हिशेब मांडणारा, घोडा पणाला लावणारा मुसलमान आमच्या भिंतीवर नाही. मुलांना वाटतं तो नव्हताच. मीर सुलतान खान हे नाव तरी किती घरांत माहीत आहे? पंजाबचा हा खेळाडू, सर उमर हयात खान यांच्या पदरी. देशी नियमांनी शिकला, जिथे प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जातच नाही, म्हणजे आपण आत्ता पाहिला तो सगळा गॅम्बिट त्या नियमांत उभाच राहत नाही. विलायतेत जाऊन त्याने नवे नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला सन्मान म्हणून ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी.

आणि १९३३ मध्ये ज्या हेस्टिंग्जमध्ये सुलतान खान तिसऱ्यांदा जिंकला, तिथेच त्याच वर्षी ब्रिटिश महिला अजिंक्यपद कुणी जिंकलं? फातिमाने. त्याच उमर हयात खानांच्या घरातली तरुण मुलगी. नोंदींत नुसतं 'मिस फातिमा' आहे. बुजुर्ग साहेब, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. मुस्लिम मुलगी आणि शतरंज हे मी काढलेलं नवं फॅड नाही.

आधी प्रशिक्षकांचं बघू. त्यांचा युक्तिवाद साधा आणि आजच्या काळात वजनदार आहे: संगणक सांगतो की किंग्ज गॅम्बिट पांढऱ्याला तोट्याचा आहे. खरं आहे. गुलाम कासिमची ओळ तर त्याहून तोट्याची. संगणकाच्या आधीही हे लोक म्हणतच होते. १९६० साली स्पास्कीने किंग्ज गॅम्बिट खेळून फिशरला हरवलं, तेव्हा चिडलेल्या फिशरने पुढच्या वर्षी लेखच लिहिला की हा गॅम्बिट मोडीत निघाला आहे. आणि गंमत अशी की पुढे तोच फिशर स्वतः किंग्ज गॅम्बिट खेळला, तिसऱ्या चालीत उंट काढून. आपल्या मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, भारतातले तिसरे, महाराष्ट्रातले पहिले. त्यांनीही मोठमोठ्या स्पर्धांत हा 'मोडीत निघालेला' गॅम्बिट मांडला आहे.

पण मी ग्रँडमास्टरांच्या आधाराने भांडत नाही. माझ्यासमोर बारा वर्षांची मुलगी आहे. तिच्या पातळीवर संगणकाच्या त्या पाऊण प्याद्याच्या फरकाने डाव ठरत नाही. डाव ठरतो तिला पटावर काय दिसतं त्यावर. लंडन सिस्टिममध्ये तिला एक ठरलेला सांगाडा दिला जातो: प्यादं इथे, उंट तिथे, समोरचा काहीही करो. दहा चाली ती समोर बघतच नाही. मी असे डाव पाहिले आहेत. मुली वहीत शुद्धलेखन काढावं तसं खेळतात. गॅम्बिट खेळणारी मुलगी दुसऱ्या चालीपासून हिशेबाला बसते. आपण काय दिलं? किती चाली मिळाल्या? त्या संपायच्या आत शह पोचतो का? नाही पोचला तर ती हरते, आणि का हरली ते तिला नेमकं सांगता येतं. सांगाड्यावाल्या मुलीला सांगता येत नाही. ती म्हणते, "माहीत नाही टीचर, कसं झालं."

रडतात का? रडतात. निकालाच्या दिवशीही रडतात, म्हणून आपण परीक्षा बंद केल्या नाहीत.

इथे प्रशिक्षकांना एक मुद्दा देऊन टाकते. यूट्यूबवर जे स्टॅफर्ड, एंग्लंड वगैरे सापळे 'आठ चालींत मात' म्हणून विकले जातात, ते मीही शिकवत नाही. तिथे मुलीने काहीच घडवायचं नसतं, समोरचा चुकेल म्हणून टपून बसायचं असतं. समोरच्याने अभ्यास केलेला असला की सगळं संपतं. दोन्हींना गॅम्बिट म्हणतात हे खरं, पण बाजारात तांदूळ आणि कणी दोन्ही एकाच दुकानात मिळतात.

आता बुजुर्गांचा मुद्दा. मी आलिमा नाही. बीएड झालेली शिक्षिका आहे, फतवा देणं माझं काम नाही. पण जो मसला सांगतो त्याने तो पूर्ण सांगावा, एवढं तर म्हणू शकते. हनफी उलेमांची भूमिका शतरंजबाबत कडक आहे, हे खरं. पण आम्ही कोकणी मुसलमान. पनवेल, तळोजा, उरण, खाली रायगड-रत्नागिरीपर्यंत आमच्या बापजाद्यांचा मसलक शाफई. आणि इमाम शाफईंच्या मसलकात शतरंज हराम ठरवलेला नाही. तो नापसंत, मकरूह म्हटला आहे, आणि अटी घातल्या आहेत: पैसे लावायचे नाहीत, नमाज चुकवायची नाही, शिवीगाळ करायची नाही. सईद बिन जुबैर यांच्यासारखे ताबई पटाकडे न बघता खेळत, असे उल्लेख जुन्या ग्रंथांत आहेत. मसलकातला हा फरक मोहल्ल्यात नमाजच्या वेळी सगळ्यांना आठवतो, असरची वेळ कोणती यावर वाद घालतात. मुलींच्या खेळाचा विषय निघाला की मात्र अचानक सगळे हनफी होतात.

या तिन्ही अटी माझ्या शनिवारच्या वर्गात पाळल्या जातात. उलट मोबाइलवर पैसे लावून लुडो खेळणारे प्रौढ, बाप असलेले पुरुष मला नाक्यावर रोज दिसतात. त्यांच्यावर बयान झालेलं मी ऐकलं नाही. सौदीच्या मुफ्तींनी शतरंजला मनाई असल्याचं सांगितलेला व्हिडिओ २०१६ साली फिरला होता, तो मला किमान पाच जणांनी पाठवला. २०१७ च्या डिसेंबरात त्याच रियाधमध्ये किंग सलमान यांच्या नावाने जागतिक रॅपिड स्पर्धा झाली आणि ती आपल्या विश्वनाथन आनंदने जिंकली. तो व्हिडिओ कुणी पाठवला नाही. इराणमध्ये १९७९ नंतर बंदी आली, १९८८ मध्ये खुद्द खोमेनींनी ती उठवली. अफगाणिस्तानात तालिबानने २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा खेळ थांबवला. यातून कुणाच्या रांगेत उभं राहायचं ते आपण निवडत असतो, आणि निवडल्यावर ती निवड दीनच्या नावावर टाकतो. मला राग याचा आहे.

बाहेरच्यांनाही सोडत नाही. एका स्पर्धेला मुलींना घेऊन गेले होते. शाळेचं नाव वाचून नोंदणीच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "उर्दू शाळा? कॅरम वरच्या मजल्यावर आहे." हसून म्हणाले, वाईट हेतू नसावा. पण आमच्या मुलींनी ते ऐकलं. कॅरम चांगलाच खेळ आहे, आमच्या गल्ल्यांतून मोठे खेळाडू निघाले आहेत. तरी आमची मुलं कोणत्या मजल्यावर जाणार हे टेबलावरच्या माणसाला आधीच ठाऊक असावं, हे मला मान्य नाही.

या महाराष्ट्रात मुलींच्या बाबतीत अशी टेबलं पूर्वीही होती, आणि ती एका घराने उलथवली. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४ साली देशातली पहिली महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, आणि पुढची दहाएक वर्षं ते विजेतेपद या बहिणींच्या घराबाहेर गेलं नाही. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेलं, आणि युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बाईला बाई म्हणून वगळता येणार नाही. आता हिशेब मांडा. पुरुषांच्या स्पर्धेत ती हरणार, लोक हसणार, वर्तमानपत्रं लिहिणार, हे त्या बापाला कळत नव्हतं? स्वतः वर्तमानपत्र चालवणाऱ्याला? हे सगळं द्यायला तो तयार होता, कारण बदल्यात मुलीला तिच्याहून तगडे प्रतिस्पर्धी मिळणार होते. १९८१ साली रोहिणी आशियाई विजेती झाली. २०२५ च्या जुलैत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. तिचे फोटो आमच्या शाळेतल्या मुलींनी फळ्यावर लावले, मी सांगितलं नव्हतं.

आणि आता बळी आणि कुर्बानी या शब्दांवर येते. हे दोन्ही शब्द आमच्या घरांत फार वापरले जातात, आणि नेहमी मुलीच्या बाबतीत. भावाच्या ट्यूशनची फी भरायची म्हणून तिचा क्लास बंद: कुर्बानी. अम्मीची तब्येत बरी नाही म्हणून आठवीत महिनाभर गैरहजर: कुर्बानी. चांगलं स्थळ आलं, बारावी नंतर बघू: कुर्बानी. तिच्याकडून घेतलेली प्रत्येक गोष्ट या एका शब्दाखाली झाकली जाते. मी वर्गात गॅम्बिट शिकवते तेव्हा पहिला नियम फळ्यावर लिहिते: दिलं त्याच्या बदल्यात काय मिळालं, आणि कितव्या चालीत? उत्तर नसेल तर तो गॅम्बिट नाही, प्यादं गमावलं. आमच्या मोहल्ल्यातल्या या कुर्बान्यांना हा प्रश्न विचारून बघा. भाऊ ट्यूशनला गेला का? बहुतेक वेळा तो नाक्यावर असतो, लुडो खेळत. दुसरी गोष्ट, गॅम्बिट खेळणारा आपल्या बाजूचं प्यादं देतो आणि हरल्यास आपण हरतो. इथे देणारा एक, जाणारी दुसरी, आणि हरल्याची नोंद कुणाच्याच नावावर नाही.

ही मुलं काय देऊ शकतात? पैसा नाही, ओळखी नाहीत. वर्षं आहेत फक्त. तेरा ते सतरा, चार-पाच वर्षं. पटावर ज्याला चाल म्हणतात ती. आणि तेवढीच आम्ही सेफ राहण्यात घालवतो. काळा जसा चौथ्या चालीपर्यंत ते एक मिळालेलं प्यादं सांभाळत बसतो आणि त्याचे उंट-घोडे जागेवरच राहतात, तशी आमची इज्जत सांभाळणारी घरं मला दिसतात.

बुजुर्ग साहेब, तुम्हाला उगाच नाही लिहीत. नववीतल्या ज्या मुलीचा विषय आहे ती तुमची नात. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेसाठी मी तिचं नाव दिलं आहे. सतरा वर्षांखालील मुलींचा गट वेगळा आहे, सोबत मी आणि आणखी एक शिक्षिका असणार, जोहरची नमाज तिथेच एका वर्गात पढू, तशी विचारणा मी करून ठेवली आहे. संध्याकाळच्या आत घरी. ती हुशार आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण किती ते कदाचित माहीत नसेल. गेल्या शनिवारी मी गुलाम कासिमची ओळ पुन्हा मांडली आणि सगळ्यांना सांगितलं, काळ्याच्या बाजूने बसा, वाचा यातून. बाकीच्या मुली मिळालेला घोडा कसा राखायचा यात गुंतल्या. तिने वीसेक मिनिटं घेतली आणि सहाव्या चालीला आपलं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, थेट पांढऱ्या उंटाच्या तोंडात. मी विचारलं, का? म्हणाली, "टीचर, एवढं सगळं ठेवून काय करू? थोडं परत देते, माझा घोडा तरी बाहेर निघेल." पुस्तकांत काळ्याचं हेच उत्तर दिलेलं आहे. तिने पुस्तक पाहिलेलं नाही.

संमतीपत्रावर तिच्या अब्बांची सही लागते, आणि ते म्हणतात दादाजींना विचारून सांगतो. शेवटची तारीख शुक्रवार आहे. जुम्यानंतर चार वाजेपर्यंत मी शाळेतच असते.